हातांनी बघणारा मेंदू

माकड नुसतं बसलं होतं! हे आधीच सांगून टाकते, कारण सगळी गंमत त्या नुसतं बसण्यातच आहे.

इटलीतल्या पार्मा विद्यापीठात, १९९०च्या सुमाराला, जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांचे सहकारी मॅकाक माकडांच्या मेंदूचा अभ्यास करत होते. प्रश्न साधा होता. हात पुढे करायचा, वस्तू पकडायची, तोंडाशी न्यायची, या हालचाली मेंदू ठरवतो कशा? मेंदूच्या पुढच्या बाजूला, हालचालींची जुळवाजुळव करणाऱ्या भागात ‘एफ-५’ नावाचा एक पट्टा आहे. तिथे अतिशय बारीक तार सोडलेली, तार यंत्राला जोडलेली. माकडाने खाऊ उचलला की तिथली एखादी चेतापेशी जागी व्हायची आणि यंत्रातून कडकड आवाज यायचा. आणि मग माकडाने काहीच उचललेलं नसताना, त्याचा हात जागचा हललेलाही नसताना, तोच आवाज आला. कारण खाऊ उचलला होता समोरच्या संशोधकाने!

पेशी माकडाची, हात माणसाचा. उचललं त्याने आणि कडकडलं याच्या डोक्यात.

हे मी भाच्याच्या पुस्तकात वाचलं. तो डॉक्टरकी शिकतो. पुस्तकं माझ्याकडे टाकून मित्रांबरोबर पसार होतो आणि मी आपली पानं उलटत बसते. त्या रात्री एक पान उलटेना. तो घरी आला तसा मी त्याला दारातच गाठलं. ‘‘अरे, हे माहीत होतं तुला?’’ चपला काढत तो म्हणाला, ‘‘मिरर न्यूरॉन? मावशी, ते जुनं झालं की. तीस वर्षं होऊन गेली.’’

झालं असेल तुम्हा लोकांना जुनं! मला आत्ता कळलंय, आणि तेव्हापासून माझ्या डोळ्यांना चैन नाही. रस्त्यात कोणी वाकून चप्पल उचलली तरी मी बघत उभी राहते.

या शोधाचं नशीबही बघा. १९९२ साली या मंडळींनी पहिला निबंध लिहिला आणि ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. सर्वसाधारण वाचकांना यात रस वाटणार नाही, असं कारण मिळालं, असं रिझोलात्ती पुढे सांगत. रस वाटणार नाही म्हणे! मग तो दुसरीकडे छापून आला. १९९६ साली त्यांनी मोठा हिशेब मांडला. दोन माकडांच्या मेंदूतल्या ५३२ पेशी तपासल्या होत्या आणि त्यांतल्या ९२ पेशी ‘करताना’ आणि ‘बघताना’ अशा दोन्ही वेळा जाग्या होत होत्या. त्यांचंच नाव मिरर न्यूरॉन, म्हणजे आरसा-चेतापेशी. आणि त्या किती चोखंदळ! नुसता खाऊ दाखवला, गप्प. वस्तू नसताना हात नुसताच हवेत फिरवला, गप्प. हाताने वस्तू धरली की लगेच जाग्या. काहींना तर धरण्याची पद्धतही हुबेहूब लागायची. चिमटीत धरलं तर जाग आणि मुठीत धरलं तर नाही.

पुढचं तर मी उभं राहूनच वाचलं. २००१ साली त्यांनी माकडाला वस्तू दाखवली, मग तिच्यासमोर पडदा सरकवला आणि माणसाने पडद्याआड हात नेला. वस्तू पकडताना दिसत नाही, तरी तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पेशी बोलल्या! पडद्यामागे काहीच नाही हे माकडाने आधी बघितलं असेल, तर मात्र हात तसाच आत गेला तरी त्या गप्प. म्हणजे डोळ्यांना दिसलं नाही ते पेशींनी पूर्ण करून घेतलं, तेही उगाच नाही, माहितीच्या आधारावर. २००२ साली आणखी एक प्रयोग झाला. माकडाला काही दाखवलंच नाही, फक्त शेंग फोडल्याचा आवाज ऐकवला. शेंग फोडताना ज्या पेशी जाग्या होत, त्यांतल्या काही नुसत्या त्या आवाजानेही जाग्या झाल्या.

शेंग! सोलापूरच्या माणसाला याहून जवळचा प्रयोग कोण करून दाखवणार? या गावाला शेंगा चटणीनं नाव दिलंय. माझ्या आईला खलबत्त्याच्या आवाजावरून पलीकडच्या घरात चटणी कुठवर आली ते कळायचं. ‘‘अजून तेल सुटलं नाही,’’ ती आपल्या स्वयंपाकघरातून सांगायची. मला वाटायचं कान तीक्ष्ण आहेत. कान तीक्ष्ण असतीलही, पण आता मला दाट शंका आहे की ऐकत होता तो तिचा मनगटापासूनचा हात.

कारण माणसाच्या बाबतीतही असंच काही घडतं, याचा पुरावा १९९५ सालीच आला होता. लुचानो फादिगा आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या डोक्यावर बाहेरून चुंबकीय स्पंद दिला आणि हाताच्या स्नायूंतली हालचाल मोजली. समोर कोणी वस्तू पकडत असेल तर बघणाऱ्याच्या हाताचे तेच स्नायू जास्त तयारीत सापडले. बघणारा हात मांडीवर ठेवून बसलाय आणि हात आतून कंबर कसून उभा!

हे वाचल्यावर घरात बसवेना. मी सोलापूरच्या पूर्व भागात गेले. तिथे माझ्या ओळखीच्या एक अक्का विड्या वळतात. आजवर त्यांच्या ओट्यावर बसून मी कितीतरी वेळा गप्पा मारल्या असतील, पण या खेपेला गप्पा बाजूला ठेवून नुसती बघत बसले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, मापाने कापलेली तेंदूची ओलसर पानं, बाजूला दोऱ्याचं रीळ. पान बोटांवर आलं, तंबाखूची चिमूट पडली, दोन्ही अंगठ्यांची एक फेरी झाली, तोंड दुमडलं, दोरा बसला, विडी बाजूला. तोवर दुसरं पान बोटांवर! अक्कांची नजर माझ्याकडे, तोंड नातीच्या कॉलेजच्या प्रवेशाबद्दल बोलतंय आणि बोटं आपलं काम करतायत. नात शेजारी मोबाईल बघत बसलेली. अक्कांचा हात रिळाच्या दिशेने जेमतेम हलला आणि नातीने मान वर न करता रीळ पुढे सरकवलं. कोणी काही मागितलं नव्हतं. मी जवळजवळ ओरडलेच, ‘‘हेच ते!’’ दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

हेच ते, म्हणजे नुसती हालचाल ओळखणं नव्हे, हालचालीमागचा बेत ओळखणं. २००५ साली मार्को याकोबोनी यांनी लॉस एंजेलिसमध्ये एक सुरेख प्रयोग केला. एका चित्रफितीत चहाचा मांडलेला टेबल. किटली, बिस्किटं, सगळं जागच्या जागी, आणि एक हात कप उचलतो. दुसऱ्या फितीत चहा होऊन गेलेला, टेबलावर चुरा सांडलेला, आणि तोच हात तसाच कप उचलतो. पहिल्यात प्यायला, दुसऱ्यात आवरायला. तिसऱ्या फितीत रिकाम्या जागेत नुसता कप आणि हात. बघणाऱ्यांच्या मेंदूतला हालचालींशी जोडलेला भाग टेबल मांडलेला असताना अधिक जागा झाला. पकड तीच, पण मेंदूने विचारलं, कशासाठी? त्याच वर्षी पार्माच्या गटाने माकडांमध्ये दाखवलं की ‘खायला उचलणं’ आणि ‘डब्यात टाकायला उचलणं’ यांसाठी वेगवेगळ्या पेशी जाग्या होतात, आणि त्यासुद्धा उचलायच्या क्षणीच, पुढचं घडायच्या आधी! नातीने रीळ सरकवलं तेव्हा तिच्या डोक्यात नेमकं काय झालं हे मी तार घालून बघितलेलं नाही. पण ओट्यावर बसल्याबसल्या माझ्या अंगावर काटा आला, हे खरं.

आता सगळ्यात आवडलेली गोष्ट. २००५ साली लंडनमध्ये बेआत्रीस काल्वो-मेरिनो यांनी बॅले नाचणारे, ब्राझीलचा कापोएरा खेळणारे आणि यातलं काहीच न येणारे अशा तीन गटांना नाचाच्या फिती दाखवल्या. नाचणाऱ्यांचा मेंदू आपापला नाच बघताना जास्त जागा झाला. यावर कोणीही म्हणेल, नेहमी बघतात, सवय असेल. म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी बारीक गाळणी लावली. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त बायका. पण तालमीत दोघं एकमेकांच्या हालचाली रोज बघत असतात. बघणं सारखं, करणं वेगळं. निकाल काय? आपण स्वतः करतो त्या हालचाली बघतानाच मेंदूचा हालचालींशी जोडलेला भाग अधिक जागा! वर्षानुवर्षं बघून जे येत नाही, ते करून येतं.

मला अक्कांकडचा एक प्रसंग आठवला. त्यांनी विड्यांच्या ढिगातली एक न उचलता सांगितलं होतं की ही सैल आहे, कारखान्यात काढून टाकतील. मी ती हातात घेऊन, फिरवून, डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मला ती बाकीच्यांसारखीच दिसली. माझे डोळे नीट आहेत, पण माझ्या अंगठ्याने कधी पान वळलेलं नाही. रोममध्ये २००८ साली साल्वातोरे अलिओती यांनी बास्केटबॉलवर हाच खेळ केला. चेंडू जाळीत पडणार की नाही, हे फीत मध्येच थांबवून ओळखायचं. मुरलेले खेळाडू एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकार, म्हणजे ज्यांचा जन्म खेळ बघण्यात गेलाय असे. खेळाडूंनी चेंडू हातातून सुटायच्या आधीच, नुसत्या शरीराच्या ठेवणीवरून ओळखलं. बघ्यांना चेंडू हवेत गेलेला लागला.

हे कळल्यावर सिद्धेश्वरांची यात्रा आठवल्याशिवाय राहील का? संक्रांतीच्या दिवसांत हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, तेव्हा मी लहानपणापासून गर्दीत उभी असते. पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस ती उंचच उंच काठी पेलतो. काठी जरा कलली की काय होतं, ते पुढच्या वर्षी काठीकडे न बघता गर्दीकडे बघून तपासा. शेकडो माणसं एकदम उलट्या बाजूला झुकतात! कोणाचाही हात काठीला लागलेला नसतो. आणि ज्यांनी पूर्वी नंदीध्वज पेललाय, यात्रेआधीच्या सरावात खांदे मोडून घेतलेत, ती वयस्कर मंडळी काठी कलायच्या आधीच अस्वस्थ होतात. त्यांना काठीच्या टोकाकडे बघावं लागत नाही, पेलणाऱ्याची कंबर पुरते. याचा अभ्यास कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. पण कोणाला करायचा असेल तर होम मैदानावर बसायची सोय मी करून देईन!

आता सोलापूरच्या यंत्रमागाच्या कारखान्यात शिरा. इतका खडखडाट की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. तिथली माणसं बोटांनी, भुवयांनी, ओठांच्या हालचालींनी बोलतात. कांडी संपली, ताणा तुटला, मालक आलाय, चहा सांगितलाय, सगळं हातांनी. आणि बाहेर मंगळवार बाजारात यावं तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच पाटीभोवती. निम्मं बोलणं तोंडाने आणि निम्मं हाताने होतं आणि व्यवहार अडत नाही. आता हे ऐका! रिझोलात्ती आणि मायकेल आर्बिब यांनी १९९८ साली मांडलं की माणसाची भाषा हाताच्या खुणांतूनच उगवली असावी. का? तर माकडातल्या त्या एफ-५ पट्ट्याशी मिळताजुळता माणसाच्या मेंदूतला भाग म्हणजे ब्रोका क्षेत्र, बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेलं. दुसऱ्याचा हात ओळखणारी जागा आणि बोलणं घडवणारी जागा शेजारीपाजारी! हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हे मला भाच्याने तीनतीनदा बजावलं. असू दे अंदाज. मागाच्या खडखडाटात उभं राहून तो अंदाज करून बघा, मग बोलू.

पण अक्कांनी माझी हवा काढली. मी त्यांच्या बोटांचं इतकं कौतुक करत होते की त्या शेवटी म्हणाल्या, ‘‘हातांकडं काय बघताय, मानेकडं बघा की.’’ आणि त्यांनी मान एकीकडून दुसरीकडे वळवून दाखवली. ती नीट वळत नव्हती. विडीची मजुरी हजारावर मोजतात. हजार वेळा पान, हजार वेळा चिमूट, हजार वेळा दोरा, आणि तेवढा वेळ मान खाली. मला बोटांचा नाच दिसत होता. त्यांना मान आणि कंबर जाणवत होती. मग माझ्या मेंदूतल्या त्या नामांकित पेशी काय करत होत्या?

भाच्याला विचारलं. त्याला हेच हवं होतं. ‘‘मावशी, तू आता दोन हजार सालात आहेस,’’ तो म्हणाला. त्या वर्षी व्ही. एस. रामचंद्रन यांनी लिहिलं होतं की डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केलं ते मिरर न्यूरॉन मानसशास्त्रासाठी करतील. मग काय, करुणा, भाषा, संस्कृती, स्वमग्नता, सगळ्यांची किल्ली एकाच पेशीत शोधायची लाट आली. स्वमग्न मुलांचा हा ‘आरसा फुटलेला’ असतो, असंही मांडलं गेलं. पुढच्या अभ्यासांत त्याला भक्कम आधार मिळाला नाही. २०१४ साली ग्रेगरी हिकॉक यांनी तर मिरर न्यूरॉन ही दंतकथा झाली आहे, असं म्हणत आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा सरळ आहे. ज्यांची स्वतःची हालचाल मेंदूच्या इजेमुळे गेली, असे कितीतरी रुग्ण दुसऱ्याची हालचाल समजू शकतात. आणि मला विडी वळता येत नाही म्हणून अक्का विडी वळतायत हे मला कळत नाही, असं थोडंच आहे?

मी जरा हिरमुसले. पण मग त्यानेच पुढचं सांगितलं आणि मी परत खुर्चीतून उठले! लंडनमध्ये सिसिलिया हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं की या पेशी जन्मतःच आरसा असतात की होतात? २००७ साली कॅरोलिन कॅटमर यांच्याबरोबर त्यांनी लोकांकडून एक उलटा सराव करून घेतला. समोर तर्जनी हलली की आपण करंगळी हलवायची आणि करंगळी हलली की तर्जनी. सरावानंतर तीच चुंबकीय चाचणी घेतली, तर आरसा उलटा झालेला! समोर तर्जनी हलली की करंगळीचा स्नायू तयारीत. म्हणजे हा आरसा कोणी कायमचा घडवून डोक्यात बसवलेला नाही. आपण काय करतो, कोणाबरोबर करतो, काय बघत करतो, त्यातून तो घडतो आणि बदलतोही. माझ्या मते तर ही बातमी पहिल्या बातमीपेक्षा मोठी आहे. दंतकथा गेली तर गेली!

माणसाच्या मेंदूतल्या सुट्या पेशी थेट तपासायला मात्र २०१० साल उजाडावं लागलं. निरोगी माणसाच्या डोक्यात तार कोण घालू देणार? लॉस एंजेलिसमध्ये अपस्माराच्या २१ रुग्णांच्या मेंदूत, झटके नेमके कुठून सुरू होतात हे शोधण्यासाठी, तारा बसवलेल्याच होत्या. रॉय मुकामेल, इत्झाक फ्रीड आणि याकोबोनी यांनी त्या रुग्णांच्या संमतीने १,१७७ पेशी ऐकल्या. करताना आणि बघताना दोन्ही वेळा बोलणाऱ्या पेशी खरोखर सापडल्या, आणि त्या स्मृतीशी निगडित भागातही सापडल्या, जिथे कोणी शोधायला गेलं नव्हतं. काही पेशी तर स्वतः करताना जाग्या होत आणि दुसऱ्याला करताना बघून उलट शांत होत. हा मी, तो दुसरा, याची राखण जणू!

अपस्मार वाचलं आणि मला एकदम सोलापूरचा भैय्या चौक आठवला. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जन्मघराचं स्मारक आहे. जन्म १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपानने केलेल्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. चार परत आले. कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, डोंगराळ भागातल्या आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, १९४१ साली डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. ज्या आजाराने सोलापूरचा हा माणूस नेला, त्याच आजाराच्या रुग्णांमुळे माणूस माणसाला कसा ओळखतो याची एक खिडकी उघडली. योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मी तो विसरू शकत नाही.

स्मारकात फिरताना एक प्रश्न मात्र टोचत राहिला. १९३८ साली भारतात बसलेल्या माणसाला चीनमधला कुठला जखमी हात दिसला होता? चेहरा नाही, हालचाल नाही, आवाज नाही. आल्या होत्या त्या बातम्या, आणि चीनचे जनरल चू ते यांनी नेहरूंकडे केलेली मदतीची विनंती. तिथे कुठला मिरर न्यूरॉन कडकडणार?

याचं थोडं उत्तर २००४ सालच्या एका प्रयोगात आहे. लंडनमध्ये तानिया सिंगर यांनी १६ जोडपी घेतली. बाई मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रात, जोडीदार शेजारी. दोघांपैकी कोणाच्या हाताला विजेचा चटका बसणार, हे तिला फक्त पडद्यावरच्या खुणेने कळायचं. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता. तरी त्याला चटका बसणार हे कळताच तिच्या मेंदूतले दुःखाचा त्रास जाणवून देणारे भाग जागे झाले. चटका हातावर नेमका कुठे आणि किती, हे नोंदवणारे भाग मात्र शांत राहिले. तळमळ पोहोचली, पण दुखण्याची जागा पोहोचली नाही. अक्कांची मान मला का दिसली नाही, आणि त्यांनी सांगितल्यावर मी का कळवळले, हे दोन्ही इथे आहे! हात बघून समजतो. मान सांगावी लागते आणि ऐकावी लागते. दुसऱ्याला काय वाटत असेल, तो काय समजून बसला असेल, याचा विचार करणारी मेंदूची वेगळी व्यवस्था आहे. ती नुसत्या बघण्यावर चालत नाही. तिला माहिती लागते, भाषा लागते, कल्पना करावी लागते. कोटणीस चिनी शिकले ते उगाच नाही. आणि एवढं सगळं होऊन बोटीत पाय ठेवायचा की नाही, ते कुठलीच पेशी परस्पर ठरवून टाकत नाही. ते माणसाला ठरवावं लागतं.

तर माझ्या उत्साहाचा हिशेब असा. आपल्या हातांनी जेवढं केलंय तेवढं आपले डोळे दुसऱ्याच्या हातात ओळखतात. उरलेलं विचारावं लागतं. आणि या दोन्ही गोष्टी वाढवता येतात, कोणत्याही वयात! म्हणून मी अक्कांकडे पानं कापायला बसते आणि त्यांच्याकडून तेलुगू शिकते. कात्री चालवून चालवून अंगठ्याचं मूळ दुखतं, आणि आता बाजारात कोणाचा अंगठा तसा दुखतोय ते मला दुरून दिसतं. सोलापूरच्या प्रत्येक शाळेने मुलांना एकदा मागावर उभं करावं, चादर कशी विणतात ते फळ्यावर शिकवू नये, ताणा जोडायला लावावं, आणि मग विणकराला विचारायला लावावं की दिवस संपल्यावर त्याचं काय दुखतं. दोन्ही. एकाने भागणार नाही.

आणि पुढच्या रविवारी भाच्यालाही अक्कांकडे नेणार आहे. तो म्हणतो परीक्षा आहे. मेंदूचीच आहे ना? मग चल की!